घरच्या खोलीत केशर: फुलोरा, काढणी, वाळवणी आणि पुढच्या वर्षीचा कंद

कंदवाला

ऑगस्ट-सप्टेंबरात काश्मीरहून कंदांची पोती निघाली की खोलीतल्या केशराचे व्हिडिओ फिरायला लागतात. माती नाही, पाणी नाही, नुसत्या ट्रेमध्ये जांभळी फुलं. दिसतं ते खरं असतं, त्यावरून काढलेला अर्थ मात्र फसवा. त्या फुलाचा पाया उन्हाळ्यातच, कंद झोपलेला असताना कंदाच्या आत घातला गेलेला असतो. आपली खोली त्याला फक्त बाहेर यायला लावते. एकदा हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे सगळे आकडे आपोआप समजतात, म्हणून हा धागा.

आधी खरेदी. केशराला बी नसतं. ही त्रिगुणित, वांझ वनस्पती आहे, कंदापासूनच वाढते. 'केशराचं बियाणं' किंवा 'अमेरिकन केसर' म्हणून कुणी काही दाखवलं तर ती आपली करडई. फूल पिवळं-नारिंगी, झाड काटेरी. नमस्कार करून पुढे जावं.

कंद घेताना भावाच्या आधी एकच प्रश्न विचारा: किलोत किती बसतात? साधारण ८ ग्रॅमच्या खालचा कंद फुलत नाही, नुसती पाती देतो. किलोत १०० किंवा त्याहून कमी बसत असतील तर माल घेण्यासारखा. १५० बसत असतील तर दर स्वस्त वाटेल, पण प्रत्येक कंद साडेसहा ग्रॅमचा आणि फुलं जवळपास शून्य. १० ग्रॅमचा कंद एक, कधी दोन फुलं देतो. १५-२० ग्रॅमचा दोन ते चार.

आल्या दिवशी पोतं उघडायचं, कंद एका थरात पसरायचे. मऊ, निळसर-हिरवी बुरशी धरलेले, बुडाशी तपकिरी डाग असलेले बाजूला काढायचे. सुटं झालेलं बाहेरचं तंतूंचं साल काढा, आतलं घट्ट साल राहू द्या. मग बुरशीनाशकं: कार्बेन्डाझिम ५० टक्के भुकटी लिटरला १ ग्रॅम आणि मँकोझेब ७५ टक्के लिटरला ३ ग्रॅम अशा द्रावणात ५ ते १० मिनिटं बुडवून सावलीत पूर्ण कोरडे करायचे. हातमोजे घाला, आणि ती बादली पुन्हा घरात वापरू नका. 'पूर्ण कोरडे' यावर जोर आहे. ओलसर कंद ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून ठेवले की आठवड्यात कूज सुरू होते आणि दोष खोलीला जातो.

आता तापमान. फुलाचे अंकुर कंदात धरतात ते २३ ते २७ अंशांत, आणि त्यासाठी किमान ५० दिवस लागतात. मग १७ अंशांच्या आसपास आणलं की फूल बाहेर येतं. कंद प्रवासात किंवा गोदामात ३०-३५ अंशांत पडून राहिले असतील तर अंकुर कमी धरतात, धरलेले जळतात. उलट, हाती आल्या दिवशी घाईने थंड केले तर ५० दिवस भरलेलेच नसतात. म्हणून विक्रेत्याला विचारायचा दुसरा प्रश्न: कंद जमिनीतून कधी काढले आणि तेव्हापासून कुठे होते? उत्तर देता आलं नाही तर २४-२५ अंशांत, ६०-७० टक्के आर्द्रतेत, अंधाऱ्या हवेशीर जागी थांबा. उबेत फार रेंगाळूनही चालत नाही. पाच महिन्यांच्या पुढे अंकुर आतच सुकायला लागतात.

गच्चीवरची शेती

चांगला धागा. खोली थंड करायला घेतल्यावर फूल येईपर्यंत किती दिवस धरायचे? आणि दिवे कुठले? लाल-निळे लावावेत असं सगळीकडे सांगतात.

कंदवाला

थंड केल्यापासून साधारण चार ते सहा आठवडे. आधी पांढरा टोकदार कोंब येतो, तो म्हणजे नुसतं वेष्टण. त्यातून फूल आणि पाती निघतात. पूर्ण खोलीचा फुलोरा दोन-तीन आठवडे चालतो, त्यात मधले पाच-सहा दिवस जोराचे. त्या दिवसांत बाहेरगावी जायचं ठरवू नका.

लाल-निळ्या दिव्यांनी खोली फोटोत छान दिसते, एवढाच फुलोऱ्यातला त्यांचा उपयोग. त्या वेळी अन्न कंदातून येतं, प्रकाशातून नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब, ८-१० तास, रॅकच्या प्रत्येक मजल्याला एक, पुरते. पूर्ण अंधार नको, कोंब लांबट आणि लुळे होतात. दिव्यांवरचे पैसे फुलोऱ्यानंतरच्या पात्यांसाठी राखून ठेवा, तिथे ते खरंच लागतात.

आणि एक. या कोरड्या ट्रेला 'एरोपोनिक' म्हणून विकणारे बरेच आहेत. एरोपोनिकमध्ये मुळांवर पोषणद्रव्याचा फवारा असतो. इथे मुळंच नसतात. शब्दाचे पैसे देऊ नका.

शीतकपाट

खोलीच्या यंत्रणेबद्दल.

बहुतेक स्प्लिट एसींचा खालचा आकडा १६. तो मोजणारा सेन्सर वर, छताजवळ. कंद असतात रॅकवर. जमिनीलगतचा ट्रे आणि सहा फुटांवरचा ट्रे यांत २ ते ३ अंशांचा फरक सहज पडतो. मग खालची फुलं आधी, वरची आठवड्याने. मीटर एक नको, दोन हवेत: मधल्या आणि सर्वांत वरच्या ट्रेच्या उंचीवर, एसीच्या झोतापासून दूर. एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून चोवीस तास चालू. कंदांवर थेट वारा नको.

ऑक्टोबरच्या उन्हात १७ टिकवायचं तर भिंती, छत आणि दार यांना पफ पॅनेल किंवा निदान ५० मिमी थर्माकोल हवा. पश्चिमेची भिंत असलेली खोली निवडूच नका. फिल्टर दर आठवड्याला धुवा. हवा कमी पडली की इतक्या खालच्या तापमानात आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. एसी चालू दिसतो आणि खोली २२ वर जाते. बर्फ दिसला तर एसी बंद करून पंखा मोडवर दोन तास ठेवा. खरवडू नका.

दुसरी भानगड आर्द्रतेची. एसी हवेतलं पाणी ओढून घेतो आणि फुलोऱ्याला ८० ते ८५ टक्के लागतात. कमी पडली तर वेष्टणाचं टोक कागदासारखं वाळतं, फूल आत अडकून मरतं. बाहेरून कोंब छान दिसतो, उघडून पाहिलं तर आत सुकलेली जांभळी चिंधी. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर आर्द्रता नियंत्रकाला जोडा, पाणी आरओचं वापरा. नळाच्या पाण्याने कंदांवर पांढरी क्षारांची पूड बसते. ९० च्या वर नेऊ नका: थेंब साचतात, बुरशी येते, कंदाच्या बुडाला ट्रेमध्येच मुळं फुटतात.

५०-१०० कंदांचाच हौसेचा मामला असेल तर खोली विसरा. दुकानातला जुना काचेच्या दाराचा कूलर घ्या, त्याच्या प्लगला एसटीसी-१००० सारखा बाहेरचा तापमान नियंत्रक लावा, १७ आणि फरक १ अंश ठेवा. आत पाण्याची उथळ थाळी. दिवसातून दोनदा दार उघडून हवा बदला. विजेचा खर्च खोलीच्या पासंगालाही पुरत नाही.

वजनकाटा

खर्चाचा विषय निघालाच आहे तर हिशोब मांडतो, कारण व्हिडिओत तो नसतो.

१० बाय १० फुटांची खोली. १० ग्रॅमचे ५,००० कंद, म्हणजे ५० किलो. त्यातले ७० टक्के फुलले आणि फुललेल्याने सरासरी १.३ फुलं दिली असं धरा: सुमारे ४,५५०. एका ग्रॅम सुक्या केशराला १५० ते १७० फुलं लागतात. १६० धरली तर २८ ग्रॅम. ग्रॅमला ४०० रुपये मिळाले तर ११,२०० रुपये.

आता वीज. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, बंदिस्त खोली, तासाला सरासरी एक युनिट, ४५ दिवस: १,०८० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर १२,९६०. म्हणजे कंद फुकट मिळाले, रॅक शेजाऱ्याने दिले आणि मजुरी घरच्यांच्या माथी मारली, तरी उत्पन्न विजेत विरलं.

त्याच खोलीत पाच मजली रॅकवर ६० बाय ४० सेंटीमीटरचे ४५ ट्रे मावतात. ट्रेला १८० कंद, म्हणजे ८,१०० कंद. केशर ४५-४६ ग्रॅम, १८,००० च्या आसपास. वीज तेवढीच, त्यामुळे जेमतेम वर डोकं निघतं. पण हे सगळं पहिल्या वर्षाचं. दुसऱ्या वर्षी पुन्हा ८० किलो कंद विकत घ्यायचे असतील तर हा धंदा विक्रेत्याचा, आपला नव्हे.

गच्चीवरची शेती

बाप रे. वीज कमी करायची काही युक्ती?

शीतकपाट

आहे, कॅलेंडरची. काश्मीरची तारीख पाळायचा हट्ट सोडा. तिथे पांपोरच्या करेव्यांवर (उंच सपाट पठारांवर) ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फुलोरा असतो, म्हणून इथेही सप्टेंबरात एसी लावतात, म्हणजे नेमका ऑक्टोबर हीटच्या तोंडावर. कंद उशिरा काढलेले असतील आणि कोंब सुटले नसतील तर २४-२५ अंशांत ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवा, मग थंड करा. फुलोरा नोव्हेंबर-अखेरीस येतो. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे तोवर रात्री आपसूक गार झालेल्या असतात. रात्री जाळीच्या खिडकीतून बाहेरची हवा ओढणारा पंखा लावला की एसी फक्त दुपारी लागतो. मुंबई-कोकणात ही सोय नाही.

कोंब अर्धा इंच दिसले असतील तर मात्र थांबवू नका, लगेच थंड करा.

निवडणारी

काढणीवर कुणी लिहिलं नाही, आणि नासाडी तिथेच जास्त होते.

फूल पहिल्याच दिवशी, सकाळी, पूर्ण उमलायच्या आत खुडायचं. कळी जांभळी होऊन लांबते आणि पाकळ्या सैल होऊ लागतात, ती वेळ. उघडं फूल दिवसभर दिव्याखाली राहिलं की तंतू कोमेजतात, पाकळ्या लिबलिबीत होतात, वेगळं करायला दुप्पट वेळ लागतो. ओढायचं नाही. पाकळ्या जिथे नळीला मिळतात तिथे नखाने चिमटायचं. ओढलं तर शेजारचा अजून न आलेला कोंब हलतो आणि दुसरं फूल जातं.

फुलात सहा जांभळ्या पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर आणि एका दांड्यातून निघालेले तीन लाल तंतू. केशर म्हणजे हे लाल तंतू. पुंकेसर टाकायचे, ते मिसळले की माल पिवळट दिसतो आणि वजन फसवं वाढतं. दांडा लालचा पिवळा होतो तिथे कापला तर निव्वळ लाल माल, काश्मीरकडे त्याला मोगरा म्हणतात. पिवळ्या-पांढऱ्या दांड्यासकट ठेवला तर लच्छा. रंग लाल भागातच असतो, दांड्यात नाममात्र.

परदेशातल्या बागेत उगवणाऱ्यांनी पुंकेसर मोजायचेच. तिकडे शरदात तसंच जांभळं फूल येणारं कोल्चिकम असतं, त्याला सहा पुंकेसर असतात आणि ते विषारी आहे. तीन म्हणजे केशर, सहा दिसले तर हात धुवा.

खुडलेली फुलं त्याच दिवशी निवडायची. फारच झाली तर उथळ डब्यात, कागदावर, फ्रिजमध्ये रात्रभर. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की सकाळी लगदा.

वजनकाटा

वाळवणीत अंदाज नको, काटा हवा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी, ०.०१ ग्रॅम दाखवणारा सराफी काटा घ्या.

ओल्या तंतूंचं वजन वाळून पाचव्या हिश्शावर येतं. ५.०० ग्रॅम आत गेले तर १.०० ग्रॅमच्या आसपास थांबायचं. डिहायड्रेटर ४५ ते ५० अंश, जाळीवर बटर पेपर (नाहीतर तंतू पंख्याने उडतात), थर २-३ मिमी. साधारण दोन तासांनी पहिलं वजन, मग दर अर्ध्या तासाने. तंतू वाकवल्यावर टचकन तुटला पाहिजे. आयएसओ ३६३२ या केशराच्या आंतरराष्ट्रीय मानकात अख्ख्या तंतूंना ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. त्यावर राहिलं तर बाटलीत बुरशी येते.

ओटीजी टाळा. त्याचं तापमान वर-खाली झोके घेतं, तंतू काळपट होतात आणि जळकट वास बसतो तो जात नाही. उन्हातही नको. रंग देणारं क्रोसिन उजेडात उतरतं. सावलीत पसरून तीन-चार दिवसांत वाळतं, पण दमट हवेत इतका वेळ म्हणजे बुरशीला आमंत्रण.

ताज्या तंतूला केशराचा वास नसतो, याने बरेच जण घाबरतात. कडवटपणा देणारं पिक्रोक्रोसिन असतं, ते वाळताना आणि नंतर मुरताना फुटून सॅफ्रॅनल होतं. तो वास. म्हणून गार झाल्यावर गडद काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, अंधारात महिनाभर ठेवा. गरम असतानाच बाटली बंद केली तर आत दव धरतं.

पाणकळा

विकत आणलेलं आणि घरचं शेजारी ठेवून बघायचं असेल तर कोमट पाण्यात दोन-दोन काड्या टाका. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते, टोकाला तुतारीसारखी पसरट. टाकताक्षणी पाणी लाल आणि काडी पांढरी झाली तर ते रंगवलेलं कणसाचं केस किंवा करडईची पाकळी. श्रीखंडाला वापरताना काड्या चमचाभर साखरेत खलून मग कोमट दुधात पंधरा मिनिटं ठेवा. अख्ख्या काड्या चक्क्यात टाकल्या तर अर्धा रंग काडीतच राहतो.

गच्चीवरची शेती

फुलं संपल्यावर कंद तसेच ट्रेमध्ये ठेवले तर?

कंदवाला

तर पुढच्या वर्षी विकत घ्यायचे. धाग्याचा मुख्य मुद्दा हाच होता, बरं झालं विचारलंत.

जुना कंद फुलासाठी रिकामा होतो आणि सुकून जातो. त्याच्या डोक्यावर नवे कंद धरतात, आणि ते भरतात पात्यांनी केलेल्या अन्नावर. नोव्हेंबर ते एप्रिल पाती हिरवी राहिली तर नवा कंद १० ग्रॅमच्या वर जातो. पाती फेब्रुवारीत वाळली तर ३ ते ६ ग्रॅमवर अडकतो, म्हणजे पुढचं वर्ष बिनफुलाचं.

शेवटचं फूल खुडल्यावर आठवड्याच्या आत मातीत न्या. पोयटा, जाड वाळू आणि चाळलेलं शेणखत समान भाग. निचरा असा की ओतलेलं पाणी वर थांबता कामा नये. १० ते १५ सेंटीमीटर खोल, कंदात १० सेंटीमीटर अंतर, १२ इंच उंचीची ग्रो बॅग. उथळ लावले तर नवे कंद पुष्कळ आणि बारीक होतात. लावण्याआधी कोंब मोजा: जोमाचे दोन-तीन ठेवून बाजूचे बारके नखाने काढले की तेच अन्न थोड्या कंदांत जातं.

पाणी आठ-दहा दिवसांनी, बोट घालून दोन इंचांवर कोरडं लागेल तेव्हाच. डिसेंबरात १९:१९:१९ आणि जानेवारीपासून ००:००:५० हे विद्राव्य खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे), लिटरला ३ ग्रॅम, पंधरवड्याने पात्यांवर. नत्र पुढे चालू ठेवलं तर पाती माजतात, कंद नाही.

पुण्यात जानेवारी उत्तम जातो. घात होतो फेब्रुवारीच्या अखेरीस: दुपारी ३३-३५ अंश झाले की पाती टोकाकडून पिवळी पडतात. उपाय दोनच. एक, पूर्वेचं ऊन आणि दुपारनंतर ५० टक्क्यांची शेडनेट, ग्रो बॅगला बाहेरून ओलं गोणपाट. यातून दोन-तीन आठवडे वाढतात, त्यापेक्षा जास्त नाही. दुसरा, बॅगा त्याच थंड खोलीत परत नेणं, दिवसा २० अंशांखाली, पात्यांवर २०० ते ३०० मायक्रोमोल प्रकाश, १०-१२ तास. इथे लागतात ते खरे दिवे. वजनकाटा यांच्या हिशोबात आता आणखी दोन महिन्यांची वीज मिळवा.

वजनकाटा

मिळवली. मिळवायला नको होती.

एसेक्सकर

इंग्लंडातून. इथे हा सगळा खटाटोप लागत नाही, ऑगस्टमध्ये कंद १५ सेंटीमीटर खोल लावायचे, ऑक्टोबरात फुलं. जवळचं सॅफ्रन वॉल्डन हे गाव तर केशराच्याच नावाचं, एके काळी तिथे याची शेती चालायची. इथल्या अडचणी वेगळ्या. उन्हाळ्यातल्या पावसाने झोपलेला कंद कुजतो, म्हणून उंच वाफा आणि तळाला खडी. खारी कंद उकरून नेतात, म्हणून लावल्यावर मातीखाली दोन इंचांवर कोंबड्यांची जाळी अंथरायची. पाती जाळीतून वर येतात. वाफा दर चार-पाच वर्षांनी उपसून कंद विरळ करावे लागतात, नाहीतर गर्दीत बारीक होतात. जर्मनी, न्यू जर्सीकडच्यांनाही हेच लागू.

गच्चीवरची शेती

कंद काढल्यावर साठवणीत बुरशी येते, ती कशी ओळखायची?

कंदवाला

पाती पूर्ण वाळल्यावर पाणी बंद, दोन आठवड्यांनी काढणी. जुन्या कंदाची वाळकी चकती नव्याच्या बुडाला चिकटलेली असते, ती हाताने मोडून काढा. कूज बहुतेक वेळा तिच्यातूनच शिरते. निळी-हिरवी भुकटी पेनिसिलियमची, जखम झालेल्या कंदावर येते. बुडाकडून तपकिरी होऊन आत मऊ पडला तर फ्युझेरियम, तो कंद आणि त्याची माती दोन्ही टाका, कंपोस्टमध्येही नको. साल सोलल्यावर पांढुरके बारीक ठिपके हलताना दिसले तर कंदावरचे कोळी. असे कंद वेगळ्या डब्यात, इतरांपासून लांब.

चांगले राहिलेले वजन करून तीन ढीग करा: ८ ग्रॅमच्या वर खोलीत, ४ ते ८ पुन्हा थेट मातीत, त्याखालचे द्यायचे तर फुकट द्या आणि फुलणार नाहीत हे सांगून द्या. साठवण जाळीच्या ट्रेमध्ये एका थरात, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, २७ च्या खाली. मे महिन्यात हा कोपरा सापडत नसेल तर एसीच्या खोलीतला पलंगाखालचा भाग चालतो. रोज रात्री २५ वर एसी लावून झोपणाऱ्या घरात कंद आणि माणसं दोघांची सोय एकाच बिलात होते.